सिंगल माल्ट स्कॉच: प्रदेशाची चव कशी ओळखावी आणि कशी लिहावी

सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमधल्या एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून) केलेली व्हिस्की. तिथल्या प्रदेशांबद्दल आयला म्हणजे धूर, स्पेसाइड म्हणजे फळं, लोलँड म्हणजे हलकं, अशी घोकंपट्टी करून ग्लास उचलला की नाकाला नेमकं तेवढंच सापडतं. म्हणून आधी ग्लासात काय आहे ते लिहायचं, लेबल नंतर बघायचं.

बाटल्या आणि त्यांचा क्रम

एका बैठकीत चारच घ्या. त्यापुढे जीभ बधिर होते आणि प्रत्येकीसमोर "ओक, थोडा मध" एवढंच लिहिलं जातं. सुरुवातीला लोलँडची ऑखनटॉशन, हायलँडची ग्लेनमॉरंजी, स्पेसाइडची ग्लेनफार्कलस आणि आयलाची लफ्रॉइग अशी जुळणी चांगली. क्रमही हाच: हलकी आधी, शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपात मुरलेली मग, धुराची शेवटी. लफ्रॉइग आधी घेतलीत तर पुढच्या तिघींत धूरच लागेल. पाचवा कायदेशीर प्रदेश कॅम्बलटाउन. तिथली स्प्रिंगबँक मिळालीच तर एक बाटली कमी करून तिला लफ्रॉइगच्या आधी बसवा. स्काय बेटावरची टॅलिस्कर किंवा ऑर्क्नीची हायलँड पार्क २००९च्या स्कॉच व्हिस्कीच्या नियमांनुसार हायलँडमध्येच मोडते, 'आयलंड्स' असा वेगळा कायदेशीर प्रदेश नाही.

ग्लास आणि माप

खाली फुगीर, वर निमुळता ग्लास हवा. ग्लेनकेर्न (व्हिस्की चाखायचा याच आकाराचा ग्लास) नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालतो. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुऊन हवेवर वाळवा. फडक्याने पुसलात तर फडक्याचा वास लागतो आणि कपाटात उपडा ठेवलेला ग्लास आत कपाटाचा वास धरून बसतो. ओतण्याआधी रिकामा ग्लास एकदा हुंगून बघाच.

प्रत्येकी १५ मिली पुरे. चार ग्लासांचे मिळून ६० मिली, म्हणजे एकच लार्ज पेग होतो. मापायला औषधाच्या दुकानातली ५ मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या, पाण्यासाठीही तीच लागेल. बर्फ नको, थंडीने वास दबतो. उलट खोली ३५ अंशांवर असेल तर आधी अल्कोहोलच नाकात उसळतं. तेव्हा बाटली दहा मिनिटं साध्या गार पाण्यात उभी करा. ओतल्यावर ग्लास झाकून दहा मिनिटं थांबा.

रंगावरून काही ठरवू नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी किंवा शेरीची असं नसतं.

नाक

निम्म्याहून अधिक काम इथेच होतं. तोंड किंचित उघडं ठेवा, ग्लास आधी हनुवटीशी, मग ओठांशी, मग नाकाखाली आणा. नाक ग्लासात खुपसलं की अल्कोहोल झोंबतं आणि पुढची दोन-तीन मिनिटं काही कळत नाही. हुंगणं छोटं ठेवा. मधे स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक पूर्वपदावर येतं. कॉफीच्या बियांची गरज नाही, त्यांचा वास उलट रेंगाळतो.

शब्द शोधताना थेट "खजूर" वर उडी मारू नका. आधी घर ठरवा: फळ, फूल, धान्य, गोड, लाकूड, मसाला की धूर? फळ असेल तर ताजं, शिजवलेलं की सुकवलेलं? सुकवलेलं असेल तर मनुका, खजूर की अंजीर? ग्लेनफार्कलस नाकाखाली धरून हे तीन प्रश्न विचारले तर बहुतेकांची गाडी मनुका आणि अक्रोडापाशी थांबते, पुढे सुंठ किंवा काकवी ज्याच्या त्याच्या नाकावर.

इंग्रजी नोंदींमधलं हीदर आणि गूजबेरी तुम्ही हुंगलेलं नसेल तर ते शब्द उसने घेऊ नका. ओलं खोबरं लिहा. पिंपाच्या अमेरिकन ओक लाकडातल्या लॅक्टोन या संयुगाचा वास तसाच असतो. पिकलं केळं लिहा, ते आंबवताना तयार होणाऱ्या एस्टर या वासाच्या संयुगांमुळे येतं. लफ्रॉइगसाठी आयोडीन आणि दवाखान्यातली पट्टी यांहून नेमकं काही सापडणं कठीण. "स्मूद" हा शब्द मात्र वहीत येऊच देऊ नका, त्यातून काहीच कळत नाही.

जीभ

पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून, त्यावर काही लिहू नका. दुसरा अर्ध्या चमच्याएवढा घ्या, दहा सेकंद तोंडात फिरवा. आधी काय आलं, मग काय, आणि गिळल्यावर काय उरलं, असं तीन टप्प्यांत लिहा. उरलेली चव घड्याळ लावून मोजा. हिरड्या सुपारी खाल्ल्यासारख्या कोरड्या पडल्या तर ते ओकचं टॅनिन (लाकडातला तुरट घटक), त्याला कडूपणा म्हणू नका. गिळायचं नसेल तर थुंकायला कप ठेवा.

पाणी

साधं, कमी क्षारांचं पाणी घ्या; सोडा नको. हिशोब सोपा आहे: मिली गुणिले अल्कोहोलचे आत्ताचे टक्के, भागिले हवे ते टक्के, वजा मूळ मिली. १५ मिली ४६ टक्क्यांची ४० वर आणायला सव्वादोन मिली पाणी लागतं. ५८ टक्क्यांची कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली) ४६ वर आणायला जवळजवळ चार. एकदम ओतू नका, अर्धा-अर्धा मिली टाकून दर वेळी हुंगा. पाणी घातल्यावर धुराच्या वासाचं ग्वायकॉल हे संयुग पृष्ठभागाकडे सरकतं, असं २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकीय प्रारूपातून दाखवलं. म्हणून धुराच्या व्हिस्कीत हा फरक शोधण्यासारखा असतो. पाणी जास्त झालं की चव पातळ होते आणि मागे फिरता येत नाही. चिल-फिल्टर न केलेली, म्हणजे थंड करून न गाळलेली व्हिस्की पाण्याने धूसर होते, ती बिघडलेली नसते.

आता लेबल

ऑखनटॉशन हलकी लागते त्यात तिथल्या तिहेरी ऊर्ध्वपातनाचा मोठा हात आहे, ग्लेनमॉरंजीत उंच मानेच्या स्टिलचा (ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचा), ग्लेनफार्कलसमध्ये शेरीच्या पिंपाचा, लफ्रॉइगमध्ये पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुरावर वाळवलेल्या माल्टचा. म्हणजे प्रदेशापेक्षा कामाची पद्धत जास्त बोलते. खात्री करायची तर पुढच्या बैठकीत आयलाच्याच दोन घ्या: बुनाहावन १२ आणि कलीला १२. दोन्ही डिस्टिलऱ्या बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, समोर जुरा बेट. तरी कलीलाला धूर आहे आणि बुनाहावनच्या या बाटलीत जवळपास नाही. पीटचे पीपीएम (धुराच्या घटकांचे दहा लाखांत किती भाग) आकडेही जपून वाचा: ते सहसा माल्टचे असतात, ऊर्ध्वपातनात आणि पिंपात त्यांतला बराच भाग गळतो.

विझलेल्या काडीचा किंवा फटाक्याच्या दारूचा वास आला तर तो गंधकाचा. दहा मिनिटांत उडाला नाही तर बहुधा पिंपातून आलेला असतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. तळाशी थोडीच उरलेली बाटली महिनोन् महिने पडून असेल तर तिच्यावरून डिस्टिलरीचं मत बनवू नका.

आठवड्याने त्याच चार बाटल्या दुसऱ्या कुणाला ओतायला सांगा, ग्लासांच्या बुडाला आकडे चिकटवून. आपली वही उघडून कोणता ग्लास कोणता ते ओळखा. दोन ग्लासांवर एकच नोंद बसत असेल तर त्या दोन्ही नोंदी खोडून तिथल्या तिथे पुन्हा लिहा.