क्यूबन गाण्यातली मायदेशाची ओढ कशी ऐकावी

ठाण्यातल्या भाड्याच्या खोलीत राहून कोकणातल्या घरासाठी झुरणाऱ्याला ही गाणी फार काळ परकी राहत नाहीत. मात्र सुरुवात शब्दांपासून न करता तालापासून करावी. क्लावे या दोन लाकडी दांडक्यांवर पाच ठोके पडतात, बहुधा आधी तीन आणि मग दोन. ते टाळीवर धरता येईपर्यंत एकच तुकडा पुन्हापुन्हा लावावा. शेजारी दार वाजवतील, हे गृहीत धरावे.

मग क्यूबन गायिका सेलिया क्रूझ यांच्याकडे वळावे. त्यांनी १९६० मध्ये क्यूबा सोडली आणि १९६२ मध्ये आई वारली तेव्हा त्यांना मायदेशी परतू दिले गेले नाही. १९९० मध्ये क्यूबाच्याच भूमीवरील ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर गायला गेल्या असता त्यांनी तिथली मूठभर माती सोबत आणली, आणि २००३ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती त्यांच्याबरोबरच ठेवण्यात आली. एवढे ठाऊक असले, की नाचऱ्या चालीला कुणी निव्वळ आनंद समजत नाही.

शब्दांसाठी व्याकरण नको. ‘तिएर्रा’ म्हणजे माती किंवा भूमी, ‘पाल्मा’ म्हणजे ताड. रॉयल पाम हा क्यूबाचा राष्ट्रीय वृक्ष असल्याने त्याचा उल्लेख आपल्या माडासारखा ऐकावा. ‘क्वांदो साली दे कूबा’, म्हणजे ‘मी क्यूबा सोडली तेव्हा’, हे निर्वासितांनी आपलेसे केलेले गाणे लुईस अगिले या अर्जेंटिनाच्या गायकाने रचले, हे मला त्यातले सर्वांत विलक्षण वाटते. ते संध्याकाळी मासुंदा तलावाकाठी, एकट्याने ऐकावे.