कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात क्रौंच आणि तुतारी हे पक्षी कसे ओळखायचे

आधी आकाशात बघा. उडताना मान सरळ ताणलेली असेल तर क्रौंच, मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडलेली असेल तर बगळा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. राखाडी क्रौंच म्हणजे सँडहिल क्रेन. पांढराशुभ्र आणि पंखांची टोकं काळी म्हणजे हूपिंग क्रेन, पण हा दिसणं खरंच भाग्य, कारण 1941 मध्ये हे जेमतेम वीस-बावीस उरले होते आणि त्यांची घरटी वुड बफेलो नॅशनल पार्कात आहेत हे 1954 मध्ये कळलं.

आता सँडपायपर, म्हणजे आपली तुतारी. ही चिखलातच शोधू नका, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या शेंड्यावर कोणी ओरडत असेल तर तो बहुतेक लेसर यलोलेग्ज, पाय पिवळेधमक असतात. सॉलिटरी सँडपायपरचे पाय हिरवट, डोळ्याभोवती पांढरं कडं, आणि तो अंडी चक्क झाडावर रॉबिनसारख्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात घालतो, मला तर हे फार भारी वाटतं!

जून सोडू नका, जुलैतच प्रौढ तुताऱ्या दक्षिणेला निघायला लागतात. आणि पक्षी सारखा डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला तर पिल्लं जवळ आहेत, फोटो राहू दे, लगेच मागे फिरा.