लोकसभेच्या उमेदवारांनो, मतदारांना उत्तरे देताना या चुका टाळा

लोकसभेच्या प्रचारात उमेदवाराची भाषणे पुष्कळ होतात. परंतु मतदारांनी उभे राहून प्रश्न विचारावेत आणि उमेदवाराने त्यांची तेथल्या तेथे उत्तरे द्यावीत, असा तास-दीड तास क्वचितच मिळतो. तो बाजार समितीच्या आवारात मिळो की देवळासमोरच्या पारावर, त्यात होणाऱ्या चुका बहुधा त्याच असतात. उदाहरणासाठी येथे नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी मतदारसंघ घेतला आहे, कारण धोरणाचे बरेचसे अवघड प्रश्न तेथे एकत्र सापडतात: निफाड, येवला व चांदवडचा कांदा, सुरगाणा-पेठचे वनपट्टे, मनमाडची रेल्वे, आणि पश्चिमेकडे वाहून जाणाऱ्या नद्यांच्या पाण्याचा वाद. इतर ठिकाणच्या उमेदवारांनी आपापली पिके आणि आपापल्या नद्या मनात धरून हे वाचावे.

आपल्या हातात नसलेल्या कामाचा शब्द देणे

एखादा शेतकरी उठून म्हणतो, “साहेब, आमच्या मळ्यातली डीपी जळून दोन महिने झाले.” उमेदवार लगेच उत्तरतो, “दादा, निवडून आलो की पहिलं काम तुमचं.” टाळ्या पडतात, पण हे उत्तर चुकीचे आहे. डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, बदलणे हे महावितरणचे काम आहे, आणि त्यासाठी लोकसभेची निवडणूक होण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र, राज्य आणि दोघांचे सामाईक विषय वेगवेगळे नोंदवलेले आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याच्या सूचीत येतात. उमेदवाराने कार्यक्रमाआधी आपल्या भागातील पंचवीस-तीस नेहमीचे प्रश्न लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य की केंद्र, एवढे तरी नोंदवून ठेवावे. रस्त्याच्या प्रश्नावर तर हे फारच आवश्यक आहे, कारण राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग आणि जिल्हा परिषदेचा रस्ता यांवरचे खड्डे सारखेच दिसत असले तरी ते बुजवणारी कार्यालये निरनिराळी असतात.

याच प्रकारातील दुसरी चूक खासदार निधीबाबत होते. सभामंडप, व्यायामशाळा, पाण्याची टाकी, गावातील काँक्रीटचा रस्ता, सगळे काही “माझ्या निधीतून” देण्याची भाषा केली जाते. हा निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात, म्हणजे समान वाटणी केली तरी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 83 लाख रुपये येतात. त्यातही 15 टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि 7.5 टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावी लागते. खासदार कामाची शिफारस करतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. हा हिशेब सभेत उघडपणे मांडणाऱ्या उमेदवाराला गावागावांत नारळ फोडण्याची आश्वासने द्यावी लागत नाहीत.

आपल्या हातात असलेला प्रश्न टोलवणे

माझ्या मते याहून गंभीर चूक याच्या नेमकी उलट आहे. जो प्रश्न खरोखर दिल्लीत सुटतो, त्यावर “शासन सकारात्मक आहे” किंवा “मी वरिष्ठांशी बोलतो” असे म्हणून उमेदवार मोकळा होतो. शेती हा राज्याचा विषय असल्याचे सांगून कांद्याचा प्रश्न राज्य सरकारकडे ढकलणारे उमेदवारही असतात. हे उत्तर सर्वथा दिशाभूल करणारे आहे, कारण कांद्याचा भाव ज्या निर्णयांनी पडतो त्यांतील मोठे निर्णय केंद्राचे असतात.

घटनाक्रमच पाहावा. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरले, म्हणजे त्याहून कमी दराने कांदा बाहेर पाठवता येईना. 8 डिसेंबरपासून निर्यातबंदीच आली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, परंतु 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लागू झाले. दिंडोरीत मतदान होते 20 मे रोजी. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट गेली व शुल्क निम्मे झाले, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही उरले नाही. निर्यातबंदी आणि किमान मूल्य यांच्या अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालय काढते, निर्यातशुल्क अर्थ मंत्रालय लावते, तर नाफेड व एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभाग ठरवतो. ज्या उमेदवाराला ही तीन दारे वेगवेगळी आहेत हेच ठाऊक नाही, तो लासलगावच्या शेतकऱ्यासाठी नेमके कोणते दार ठोठावणार आहे?

“निर्यातबंदी पुन्हा लागली तर तुम्ही काय कराल?” या प्रश्नाला सरळ उत्तर असे देता येईल: “भाऊ, हा निर्णय केंद्राचा आहे, म्हणून तो माझ्या कामाचा भाग आहे. बंदी अचानक लावू नये, हंगामाच्या आधी धोरण जाहीर करावे, अशी माझी भूमिका आहे. शहरात भाव वाढले की सरकारवर दबाव येतो, हे मला माहीत आहे. त्यासाठी साठ्यातील कांदा बाजारात आणावा, बंदी घालू नये, असे मी मांडेन. माझ्या पक्षाची जाहीरनाम्यातील भूमिका ही अशी आहे, आणि माझे मत तिच्याहून एवढ्या मुद्द्यावर वेगळे आहे.” या उत्तराला टाळ्या कमी पडतील. परंतु कांदाचाळीत उन्हाळ कांदा साठवून भावाची वाट पाहणाऱ्या माणसाला त्यातून काहीतरी धरून ठेवण्यासारखे मिळेल, आणि पाच वर्षांनी त्याला त्याच शब्दांत जाबही विचारता येईल.

ईपीएस-95 या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा प्रश्नही असाच आहे. साखर कारखाने, एसटी व इतर आस्थापनांतून निवृत्त झालेले वृद्ध लोक प्रत्येक सभेत तो विचारतात, कारण त्यांचे किमान निवृत्तिवेतन 2014 मध्ये दरमहा 1000 रुपये ठरवण्यात आले. हा विषय पूर्णपणे केंद्राचा आहे. येथे राज्याकडे बोट दाखवणे म्हणजे त्या वृद्धांची फसवणूक करणे होय.

तालुका बदलला की भूमिका बदलणे

पार, नार, दमणगंगा या नद्यांचे पाणी पश्चिमेकडे वाहून जाते. ते पूर्वेकडे वळवावे ही चांदवड-येवल्यासारख्या अवर्षणग्रस्त भागाची जुनी मागणी आहे, आणि धरणात आपली जमीन जाईल ही सुरगाणा-पेठच्या आदिवासी गावांची भीतीही तितकीच खरी आहे. पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पाला 2022 मध्ये शेजारच्या दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात मोठा विरोध झाला होता. अशा मतदारसंघात एका तालुक्यात “थेंब न थेंब वळवू” आणि दुसऱ्या तालुक्यात “एक इंचही जमीन बुडू देणार नाही” असे बोलण्याचा मोह अनेकांना होतो. दोन्ही सभांच्या चित्रफिती त्याच रात्री मोबाइलवर शेजारीशेजारी पाहिल्या जातात, हा व्यवहाराचा भाग झाला. मुळात ही दोन्ही आश्वासने एकत्र पाळता येत नाहीत. उमेदवाराने दोन्हीकडे तेच वाक्य उच्चारावे, आणि ते कोणाला आवडणार नाही हेही तेथेच सांगावे. आंतरराज्य करार, पुनर्वसन आणि ग्रामसभेची संमती यांवर आपली अट काय आहे, हे स्पष्ट झाले तर विरोधकही निदान चर्चेला बसतो.

“संसदेत आवाज उठवीन” एवढ्यावर थांबणे

आवाज कसा उठवणार, हे मतदाराने विचारायलाच हवे आणि उमेदवाराला सांगता यायला हवे. लोकसभेत एका दिवसासाठी 20 तारांकित प्रश्न निवडले जातात, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. तातडीचे विषय मांडण्यासाठी शून्य प्रहर आहे, सार्वजनिक महत्त्वाचा विषय सभागृहापुढे आणणारी नियम 377 खालील सूचना आहे, मंत्रालयाच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवून त्याच्या धोरणावर बोट ठेवणारी कपात सूचना आहे. जिल्ह्यात केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या ‘दिशा’ समितीचे अध्यक्षपद खासदाराकडे असते, आणि सभांमध्ये याचा उल्लेख मी फारच कमी ऐकला आहे. घरकुल, रोजगार हमी, जलजीवन यांबद्दल तक्रार आली की “दिशा समितीत मी हे अमुक कागद मागवीन” असे म्हणता येते.

मर्यादाही सांगाव्यात. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडून कायदा करून घेईन, असे कोणी म्हणत असेल तर 1970 नंतर एकही अशासकीय विधेयक कायद्यात रूपांतरित झालेले नाही, हे श्रोत्यांना ठाऊक असू द्यावे. 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा लागू असल्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. “पक्षाने विरोधी भूमिका घेतली तर?” या प्रश्नावर रागावण्यापेक्षा हे बंधन मान्य करून, पक्षाच्या बैठकीत आपण काय मांडू, ते सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.

आरक्षणाच्या प्रश्नावर खासदाराच्या या मर्यादा सांगण्याची सर्वांत जास्त गरज भासते. आरक्षणावरील 50 टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या इंद्रा साहनी निकालात घालून दिली. ती ओलांडण्यासाठी घटनादुरुस्तीचा मार्ग घेतला, तरी त्या दुरुस्तीची न्यायालयात छाननी होऊ शकते. एक खासदार ती “करून आणीन” असे म्हणू शकत नाही. तो मत कोणत्या बाजूने देईल, एवढे म्हणू शकतो. शिवाय जातीच्या किंवा धर्माच्या आधारे मत मागणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 नुसार भ्रष्ट आचरण ठरते, म्हणून धोरणावर बोलताना वाक्याचा शेवट मतांच्या आवाहनाकडे झुकू देऊ नये.

कार्यक्रमातील चुका

प्रश्न आधी चिठ्ठीवर घेऊन सोयीचे तेवढेच वाचणे, प्रश्नकर्त्याला “ताई, तुम्ही कोणत्या पक्षाच्या?” असे विचारणे, किंवा कार्यकर्त्यांनी माइक काढून घेणे, यांपैकी एक प्रकार जरी घडला तरी नंतरच्या चांगल्या उत्तरांवरचा विश्वास उडतो. चिठ्ठ्या घ्यायच्याच असतील तर त्या सर्वांसमोर डब्यातून काढाव्यात. बायका मागे बसलेल्या असतील तर माइक त्यांच्यापर्यंत न्यावा. पाणी, रेशन आणि दवाखान्याचे नेमके प्रश्न बहुधा तेथूनच येतात. आकडा आठवत नसेल तर अंदाजाने बोलू नये, प्रश्न वहीत नोंदवावा, विचारणाऱ्याचे गाव लिहून घ्यावे आणि लेखी उत्तर ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवण्याची तारीख तेथेच जाहीर करावी. ही तारीख ठरवताना मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर प्रचार बंद होतो, हे लक्षात ठेवून उत्तरे त्याआधी पोहोचतील अशी व्यवस्था करावी.