एनएसएसचं गावातलं शिबिर: या चुका टाळा

महाविद्यालयाच्या एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं विशेष शिबिर बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत लागतं. परीक्षा उरकलेल्या असतात, एवढंच त्याचं कारण. दत्तक गावाला त्या तारखा जमतात का, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते शिबिरातले निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

कोरड्या ओढ्यात बंधारा

कार्यक्रम अधिकारी म्हणून माझ्या पहिल्याच शिबिरात आम्ही वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या गोण्या रचून ओढ्याचं पाणी अडवणारा बांध, घातला. दोन दिवस पोरं-पोरी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरत होती. बंधारा दिसायला झकास झाला, फोटोही निघाले. पण महिना जानेवारीचा आणि ओढा कधीच आटलेला. काठावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "सर, अडवायचं काय आता?" पहिल्या पावसात सगळ्या गोण्या वाहून गेल्या.

हा बंधारा पाऊस सरताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओढ्याला धार असतानाच घालायचा. एनएसएसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचे वर्षाला १२० तास नियमित कामाचे असतातच, त्यातले एक-दोन रविवार पुरतात. गोणी तोंडापर्यंत गच्च भरू नका; थोडी सैल असली की दुसरीवर नीट बसते. वरची गोणी खालच्या दोघींच्या सांध्यावर यावी, विटांच्या भिंतीसारखी. पाणी येतं त्या बाजूला चिकणमाती लिंपा, नाहीतर फटींतून रात्रीत सगळं निसटतं.

वृक्षारोपणाचंही तसंच. जानेवारीत रोप लावलं तर एप्रिल-मे महिन्यांत त्याला पाणी कोण घालणार? शिबिरात खड्डे घेऊन ठेवा, रोपं जूनमध्ये न्या.

हिवाळ्यात करण्याजोगी कामं म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे आणि डोंगरउतारावरचे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर. चरांत नेहमीची चूक म्हणजे नुसत्या नजरेने रेषा आखणं. चर एका टोकाला जरा जरी उतरला तरी पाणी तिकडे धावतं, तिथला भराव फोडतं आणि खाली नवी घळ पाडतं. ए-फ्रेम (ओळंबा लावलेली ‘A’ आकाराची चौकट) किंवा पारदर्शक नळीतलं पाणी वापरून फक्कीने रेषा मारा, मगच टिकाव उचला. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची. हौशी मंडळी हमखास वर टाकतात आणि पहिल्या सरीत ती परत चरात येते.

दुपारचं सर्वेक्षण

अकरा वाजता फॉर्म घेऊन दारोदार गेलात तर निम्म्या घरांना कुलूप असतं. तूर काढणीला, कापूस वेचायला माणसं रानात गेलेली असतात. बीडसारख्या भागात तर अख्खी कुटुंबं ऊसतोडीला. घरी सापडलेल्या म्हाताऱ्यांना "संडास वापरता का?" असं परक्या पोरांनी विचारलं तर उत्तर "हो"च येणार. संध्याकाळी जा, गावातली एखादी आशाताई सोबत असू द्या, आणि गावठाणाबाहेरच्या वस्त्या, तांडा वगळू नका. भरलेले फॉर्म कपाटात ठेवू नका. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. शिबिर त्याआधी संपत असेल तर गोषवारा तिथे वाचून दाखवा.

शाळेत मुक्काम

जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ग चालू दिवसांत अडवू नका. पन्नास जणांना पाणी कुठून येणार, हे आधी प्रत्यक्ष जाऊन बघा. गावात टँकर येत असेल तर तुमची आंघोळ गावाच्या हंड्यातून चाललेली असते. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, हे शिबिराआधी स्वतः लावून बघा.

रात्रीचं व्याख्यान

बौद्धिकाला गावकरी येत नाहीत ही तक्रार दरवर्षीची. गाडगेबाबा आधी दिवसा गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आमचे पाहुणे मात्र शहरातून नऊला पोहोचतात, हार घेतात आणि दिवसभर राबलेल्या माणसांना श्रमाचं महत्त्व सांगतात. एक रात्र माईक गावाकडे द्या. आमच्याकडे त्या रात्री भजनी मंडळ बसलं, आणि पोरांना तिथून उठवेपर्यंत रात्रीचे बारा वाजले.