सार्थ अंकांपर्यंत संख्या राउंड कशी करावी

प्रश्नात ‘तीन सार्थ अंकांपर्यंत’ असे स्पष्ट लिहिलेले असताना अनेक विद्यार्थी तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतात आणि बाकीची सगळी मांडणी बरोबर असूनही गुण गमावतात. ०.००४०७२ ही संख्या तीन दशांश स्थळांपर्यंत ०.००४ होते, तर तीन सार्थ अंकांपर्यंत ०.००४०७ होते. दशांश स्थळांची मोजणी दशांश चिन्हापासून सुरू होते. सार्थ अंक म्हणजे संख्येची अचूकता दाखवणारे अंक; त्यांची मोजणी दशांश चिन्हापासून नव्हे, तर शून्य नसलेल्या पहिल्या अंकापासून सुरू होते.

पायरी १. संख्या डावीकडून वाचावी. शून्य नसलेला जो पहिला अंक भेटेल, तो पहिला सार्थ अंक. वरच्या उदाहरणात तो ४ आहे.

पायरी २. तेथून हवे तितके अंक मोजून उभी रेघ मारावी. मधले शून्य मोजावेच लागते: ०.००४०७|२.

पायरी ३. रेघेच्या लगेच उजवीकडचा एकच अंक पाहावा. तो ५ किंवा त्याहून मोठा असेल तर रेघेआधीच्या अंकात १ मिळवावा, नाहीतर तो अंक तसाच ठेवावा. शेवटच्या अंकापासून एकेक अंक राउंड करत डावीकडे यावे, असा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. त्या रीतीने २.३४४९ चे २.३४५, मग २.३५ आणि शेवटी २.४ होते, दोन सार्थ अंकांपर्यंतचे बरोबर उत्तर मात्र २.३ आहे.

पायरी ४. आता शून्यांचा निर्णय. मला स्वतःला सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच पायरीवर, आणि आजही उत्तरपत्रिकांतल्या बहुतेक चुका मला येथेच सापडतात. ‘शून्ये मोजायची नसतात’ हे सरसकट विधान या गोंधळाचे मूळ आहे. सुरुवातीची शून्ये सार्थ नसतात हे खरे; पण शून्य नसलेल्या दोन अंकांच्या मधली शून्ये नेहमीच सार्थ असतात, आणि दशांश चिन्हानंतर शेवटी लिहिलेली शून्येही सार्थ असतात.

रेघेच्या उजवीकडचे अंक पूर्णांक भागातले असतील, तर त्यांच्या जागी शून्ये लिहावीच लागतात. ६८,४३७ चे दोन सार्थ अंकांपर्यंत ६८,००० होते. ६८ लिहिणारा विद्यार्थी संख्या हजारपटीने लहान करून बसतो, म्हणून उत्तर मूळ संख्येच्या जवळपास आहे ना, हे दर वेळी पाहावे. याउलट, ते अंक दशांश चिन्हानंतरचे असतील तर सरळ गाळावेत. ६.८४३७ चे ६.८ होते. तेथे ६.८००० लिहिणे चूक आहे, कारण त्यातून पाच सार्थ अंकांच्या अचूकतेचा दावा होतो.

खरी कसोटी ९ आला की लागते. ०.०३९९६ तीन सार्थ अंकांपर्यंत राउंड करताना ३९९ मध्ये १ मिळवून ४०० होतात, म्हणून उत्तर ०.०४०० येते. त्यातली शेवटची दोन शून्ये अनावश्यक समजून ०.०४ लिहिले, तर सार्थ अंक एकच उरतो. मात्र ९.९९६ घेतल्यास हातचा पुढे जाऊन डावीकडे एक नवे स्थान तयार होते. रेघ जेथे होती तेथेच ठेवली तर १०.०० येते, आणि त्यात चार सार्थ अंक आहेत. म्हणून बरोबर उत्तर १०.० हेच. हातचा आला की पहिल्या अंकापासून पुन्हा मोजावे. ही सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने लावतो.

एक अडचण साध्या लेखनाने सुटतच नाही. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. तो एक, दोन किंवा तीन सार्थ अंकांपर्यंत राउंड केला तरी दर वेळी ३०,००,००,००० असाच दिसतो. अशा वेळी ३, ३.० किंवा ३.०० यांपैकी योग्य ती संख्या लिहून तिला १० च्या आठव्या घाताने गुणलेले दाखवावे. म्हणजे किती शून्ये सार्थ आहेत, याबद्दल शंका उरत नाही.

पायरी ५. राउंड करणे ही उदाहरणातली शेवटची कृती असावी. ७.४ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ कॅल्क्युलेटरवरील पायची पूर्ण किंमत वापरून काढले, तर तीन सार्थ अंकांपर्यंत १७२ चौसेमी येते. पायची किंमत आधीच ३.१ धरली, तर तेच १७० होते. मधल्या पायऱ्यांतली उत्तरे कॅल्क्युलेटरमध्येच ठेवावीत, आणि अंतिम उत्तरापुढे कंसात ‘३ सार्थ अंकांपर्यंत’ असे लिहावे.