नाशिकच्या वायनरीला निघालात? मग या चुका टाळा

गेली पंधरा वर्षं मी दादरहून नाशिकला माणसं घेऊन जाते आहे. नातेवाईक, ऑफिसातल्या मैत्रिणी, सोसायटीतले शेजारी. धंदा म्हणून नाही, आवड म्हणून. द्राक्षाच्या बागेत उभं राहून त्याच बागेतली वाईन चाखायला मिळते, हे सुख आपल्यापासून फक्त पावणेदोनशे किलोमीटरवर आहे आणि लोक ते घाईघाईत वाया घालवून येतात. दर खेपेला चुका त्याच असतात, म्हणून एकदा लिहूनच काढते.

सगळ्यात आधी मिसळ

नाशिकला जाऊन मिसळ खाऊ नका, असं मी कुणालाच सांगणार नाही. काळ्या मसाल्याचा तो रस्सा खायलाच हवा. पण वायनरीच्या आधी नको.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या गिरगावच्या मामांना घेऊन गेले होते. वय अडुसष्ट, खाण्यापिण्याची प्रचंड हौस, वायनरीत मात्र पहिल्यांदाच. गाडी नाशिकच्या अलीकडे आली आणि सगळ्यांनी एकच धोशा लावला: मिसळ. मी नको नको म्हणत होते, पण कुणी ऐकेना. मामांनी तर्री वाढवून मागितली, दोन पाव जास्तीचे घेतले. साडेअकराला आम्ही टेस्टिंगच्या काउंटरपाशी. पहिला ग्लास सोव्हिन्यों ब्लांक या व्हाइट वाईनचा. वाढणारा मुलगा म्हणाला, "आधी नुसता वास घ्या काका. कापलेली ढोबळी मिरची आठवते का बघा, ओलं गवत आठवतं का बघा." मामांनी वास घेतला, घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मला नुसती जळजळ कळतेय गं." पाच ग्लासांपैकी शेवटची शिराझ ही रेड वाईन आली तेव्हा त्यांनी तोंड वाकडं करून ग्लास खाली ठेवला आणि बाहेर झाडाखाली जाऊन बसले. वाईन आपल्यासाठी नाहीच, हे त्यांनी त्या दिवशी पक्कं केलं.

मला फार लागलं ते. कारण हे तेच मामा, जे आंब्याची पेटी उघडली की नुसत्या वासावरून सांगतात, यात देवगडचा किती आणि दुसरा किती. असं नाक असलेल्या माणसाला काहीच कळलं नाही, ते रश्श्यामुळे. तिखट जिभेवर बराच वेळ बसतं. त्यावर अल्कोहोल गेलं की आग वाढते, आणि रेड वाईनचा तुरटपणा, जो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून येतो, तो कडू जहर वाटायला लागतो.

पुढच्या वर्षी मी त्यांना हट्टाने परत नेलं. त्या सकाळी माझ्या डब्यातल्या इडल्या आणि केळी, चटणीसुद्धा नाही. शेनिन ब्लांक या व्हाइट वाईनचा ग्लास नाकाशी नेऊन ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पेरू. पिकून मऊ झालेला, झाकण लावून डब्यात ठेवलेला." वाढणारा मुलगासुद्धा थांबला.

उपाशीपोटीही जाऊ नका, ते तिखटाइतकंच वाईट. इडली, ब्रेड-बटर, बिनमिरचीचे पोहे, काहीही चालेल. मिसळीसाठी नाशिकला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनसोक्त हाणा.

याच जोडीला: अत्तर, परफ्यूम आणि मोगऱ्याचा गजरा घरी ठेवा. पान, वेलची, मिंटची गोळी तासभर आधी बंद. तुमच्या गजऱ्यापुढे शेजाऱ्यालाही त्याच्या ग्लासातलं काही हुंगता येत नाही.

एका दिवसात तीन वायनरी

ही यादी मोबाइलवर करून येणाऱ्या तरुण मंडळींवर माझा खरा राग आहे. सकाळी गंगापूर धरणाजवळची, दुपारी दिंडोरीकडची, परतताना इगतपुरीची. नकाशावर सोपं दिसतं.

भाच्याचे चार मित्र एकदा असेच निघाले, मला आग्रहाने बरोबर घेऊन. आता हिशोब बघा. टेस्टिंगमध्ये एका वेळी साधारण ३० मिलिलिटर वाढतात. पाच वाईन म्हणजे १५० मिलिलिटर, म्हणजे भरलेला एक मोठा ग्लास, १२-१३ टक्के अल्कोहोलचा. तीन ठिकाणी गेलात की तीन ग्लास, वर नाशिकचं दुपारचं ऊन. दुसऱ्या वायनरीत पोचेपर्यंत एकजण खुर्चीत झोपला होता. पिंपांची खोली कुणीच बघितली नाही. तिसऱ्या ठिकाणी फाटकापाशी फोटो काढला, तेवढाच. आणि जो गाडी चालवणार होता, तो दिवसभर "मी दोनच घोट घेतोय मावशी" म्हणत होता.

मी किल्ली मागून घेतली आणि रात्री नाशिकलाच खोल्या घेतल्या. चिडले सगळे, चिडू देत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कायदा सोडा, कसारा घाट अंधारात उतरायचा असतो. तिथे "दोनच घोट" हे कारण चालत नाही. एकतर ड्रायव्हर ठरवा, नाहीतर ट्रेनने जा.

ट्रेनचंही ऐकून ठेवा. पंचवटी एक्सप्रेस नाशिकची म्हणून लोक तिच्या भरवशावर राहतात. ती सकाळी मनमाडहून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते. मुंबईकराच्या एका दिवसाच्या फेरीला उलटीच पडते. सकाळी तपोवन एक्सप्रेस धरा. आणि नाशिक रोड स्टेशनपासून गंगापूर धरणाकडच्या बागा बऱ्याच लांब आहेत, तेव्हा जायची-यायची रिक्षा-टॅक्सी आधी ठरवा.

माझा नियम एकच: एका दिवशी एक वायनरी. आणि टेस्टिंगला स्पिटून, म्हणजे थुंकायचं भांडं, वापरायचं. यावर घरोघरी वाद होतो. "पैसे मोजून घेतलेलं थुंकायचं?" अहो, पैसे चव कळण्याचे मोजलेत, पोटात किती गेलं त्याचे नाही. वाईन करणारी माणसं दिवसाला कितीतरी टाक्यांतले नमुने चाखतात, ती सगळी थुंकतातच. घोट तोंडात फिरवा, दाढांपर्यंत जाऊ द्या, थोडी हवा आत ओढा, मग थुंका. चव मागे राहते. लाजायचं काही कारण नाही.

टूर टाळून थेट टेस्टिंग

"टाक्या काय बघायच्या, चला वर." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मग तीच माणसं बाहेर येऊन म्हणतात, हे काही फ्रान्ससारखं जुनं नाही.

नाहीच. दगडी तळघरं आणि तीनशे वर्षांची कोळिष्टकं शोधायला इथे येऊ नका. इथला इतिहास वेगळा आहे आणि तो आपल्या डोळ्यांसमोर घडलाय. १९४९ चा दारूबंदी कायदा असलेल्या राज्यात वाईनसाठी द्राक्षं लावायची, हेच मुळात धाडस होतं. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्र आणून फेसाळती वाईन केली आणि ती परदेशात विकली. मग राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले. आईच्या सुलभा या नावावरून त्यांनी आपल्या वायनरीचं सुला हे नाव ठेवलं आणि २००० साली सोव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांकच्या पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, वाईन उद्योगाला चालना देणारं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. २००५ मध्ये सुलात टेस्टिंग रूम उघडली तेव्हा वायनरीतच बसून चाखायची ही रीत आपल्याकडे कुणाला माहीतच नव्हती. आज आपण ज्या काउंटरपाशी कोपर टेकून उभे राहतो, तो असा आलाय. हे ऐकून टाकीपाशी गेलात तर टाकी नुसती स्टीलची राहत नाही.

आणि पिंपांपाशी जरा थांबा. ओकचं पिंप साधारण २२५ लिटरचं, म्हणजे बरोबर ३०० बाटल्या. हात लावू देत असतील तर लाकडावर तळवा ठेवा, नाक जवळ न्या. ओल्या लाकडाचा, किंचित व्हॅनिलाचा वास येतो. तोच नंतर ग्लासात ओळखू येतो. हंगामात आंबवण्याच्या टाक्यांजवळ गेलात तर फळाचा आणि फुगलेल्या पिठाचा मिळून एक दाट वास असतो. पण टाकीत डोकं घालू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, हवेपेक्षा जड असल्याने तो तिथेच साचतो आणि माणूस गुदमरतो. गाइड मागे व्हा म्हणाला की मागे व्हायचं.

चुकीचा महिना

पावसाळ्यात जाऊन "घड कुठेत?" विचारणारे दर वर्षी भेटतात. नाशिकला वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरत आला की गोडी बार छाटणी. फळ या दुसऱ्या छाटणीनंतर धरतं आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार, धरण भरलेलं, हवा सुरेख, पण वेलीवर नुसती पानं. घड बघायचे असतील तर फेब्रुवारी आणि आठवड्यातला मधला वार. शनिवार-रविवारच्या गर्दीत गाइडचा आवाजही ऐकू येत नाही.

घड दिसले म्हणून तोडून तोंडात टाकू नका. केवडा आणि भुरी या रोगांसाठी बागेवर फवारण्या होतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण पानांवर निळसर डागांत दिसतंही. गाइडने हातावर ठेवलं तरच खा. ते द्राक्ष बारीक, जाड सालीचं, आत बी, आणि आपल्या बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षापेक्षा गोड.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. जोडून सुट्टी आली की लोक नेमके तेच दिवस धरतात. निवडणुकीच्या तारखाही बघा.

आता भराभर. ग्लास दांडीने धरा, हाताच्या उबेने वाईन तापते. बर्फ मागू नका. लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन, सगळ्यात शेवटी. ती आधी घेतली की पुढची प्रत्येक वाईन आंबट लागते. वयाचा पुरावा जवळ ठेवा. उंच टाचा नकोत, सेलरची, म्हणजे पिंपांच्या खोलीची, फरशी ओली असते, आणि आत गार असतं म्हणून एक शाल. गाइड बोलताना रील करू नका. ब्लॅकबेरीचा वास येतो असं कुणी म्हणालं म्हणून मान डोलावू नका. तुम्हाला जांभूळ आठवत असेल तर जांभूळ म्हणा, तेच बरोबर.

घरी आणलेली बाटली

दारू जेवढी जुनी तेवढी चांगली, या समजापायी किती बाटल्या वाया गेल्या असतील! मुलुंडच्या माझ्या चुलत बहिणीने नाशिकहून शेनिन ब्लांक आणली आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी जपून ठेवली. कुठे? स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या कपाटात. आठ वर्षं. उघडली तेव्हा रंग चहाच्या पाण्यासारखा आणि वास काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. पाहुणे ग्लास हातात धरून उभे होते आणि ती आत जाऊन रडली.

इथल्या बहुतेक व्हाइट वाईन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्याच असतात. चांगली रिझर्व्ह शिराझ काही वर्षं थांबते, पण मुंबईच्या उकाड्यात तीही नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवून वाटेत जेवायला उतरलात तर वाईन तापून बूच वर सरकू शकतं. मी थर्माकोलचा माशांचा खोका स्वच्छ धुऊन नेते, बाटल्या त्यात आणि खोका मागच्या सीटखाली, एसीच्या हवेत.

घरी आल्यावर बाटल्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडव्या. कागदावर मार्करने आणल्याची तारीख. आत्ता दोन आहेत. शेनिन होळीच्या आत संपवायची आहे, आणि शिराझ मामा येतील तेव्हा.