पहिला डबा उतरण्याआधी

अणुकचऱ्याच्या साठ्याची जागा ठरली की घाई होते ती खोदकामाची. त्याआधी काय काय मोजून ठेवायचं, हे अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळच्या ‘विप’ (WIPP) या अणुकचऱ्याच्या साठ्याकडे बघून ठरवावं. जमिनीखाली 655 मीटरवर मिठाच्या थरात कोरलेल्या या साठ्यात पहिला कचरा 26 मार्च 1999 ला आला. आसपासच्या किरणोत्साराची मोजणी त्याच्या काही वर्षं आधीपासून चालू होती.

आधी जागेची कुंडली काढा. तिथून काही किलोमीटरवर 10 डिसेंबर 1961 ला ‘नोम’ हा भूमिगत अणुस्फोट झाला होता आणि किरणोत्सारी वाफ वर निसटली होती. त्याखेरीज जगभरच्या चाचण्यांची धूळ पडलेली होतीच. म्हणजे सीझियम-137 आणि प्लुटोनियम ही किरणोत्सारी द्रव्यं त्या मातीत आधीपासून हजर! म्हणून ‘सापडलं’ एवढंच लिहून भागत नाही. प्लुटोनियम-238 आणि 239 या प्लुटोनियमच्या दोन प्रकारांचं आपसातलं प्रमाण नोंदवा, अमेरिसियम या आणखी एका किरणोत्सारी द्रव्याचंही. उद्या जुनी धूळ कुठली आणि नवी गळती कुठली, हे त्यावरूनच कळेल.

हवेचे फिल्टर निदान वर्षभर तरी लावा. तिकडे वसंतात वारा सुटतो, धूळ उडते आणि फिल्टरवरचं प्लुटोनियम वाढतं. फक्त हिवाळ्यात मोजलंत, तर पुढच्या एप्रिलमध्ये उगाच बोंब होईल. शेजारी पोटॅशच्या खाणी आहेत, तेव्हा पोटॅशियम-40, म्हणजे पोटॅशियमचं निसर्गतःच किरणोत्सारी असलेलं रूप, वेगळं धरा. विहिरी, नदी, तलावातला गाळ यांचे नमुनेही घ्यायलाच हवेत.

माणसांना विसरू नका. कार्ल्सबॅडमध्ये गावकऱ्यांना मोजणीच्या खोलीत आडवं करून त्यांच्या अंगातला किरणोत्सार मोजला. पोटॅशियम-40 प्रत्येकाच्या अंगात असतं, हे आधीच सांगा. नाहीतर आकडा बघून माणूस घाबरायचा.

प्रत्येक नमुन्याचा एक भाग सील करून ठेवा, वर जागा आणि तारीख. प्रयोगशाळा साठा चालवणाऱ्यांची नको. तिथली न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीची होती. 14 फेब्रुवारी 2014 ला खाली एक पिंप फुटलं, तेव्हा बाहेरच्या हवेतलं अमेरिसियम आणि प्लुटोनियम याच प्रयोगशाळेच्या फिल्टरवर सापडलं, आणि ते नेहमीचं नाही हे सांगायला तिच्या कपाटात आधीच्या वर्षांचे आकडे होते.